पोस्तोयना आणि पोहाळे

आपल्या मराठीत ‘लेणे’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. अंगावर घालायचा दागिना तेही लेणे आणि डोंगराच्या पोटात कोरलेले घर तेही लेणेच. डोंगरातल्या लेण्याचा शब्द फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत ‘लेण’ असाच तो आढळतो. संस्कृतात त्याचे रूप ‘लयन’, म्हणजे राहण्याची, विसाव्याची जागा. पुढे लोकांच्या तोंडी दागिन्याचे लेणे आणि डोंगराचे लेणे एक होऊन गेले, आणि मला वाटते त्यात काही बिघडले नाही.

गुहा मात्र निराळी. गुहा निसर्गाची, लेणे माणसाचे. हा फरक आपण सहसा पाळत नाही. ‘अजिंठ्याच्या गुहा’ असे आपण सहज म्हणून जातो. आज मला या फरकाविषयीच बोलायचे आहे, आणि त्यासाठी दोन गावे घेतो. एक युरोपातले, गुहेच्या नावावर जगणारे छोटेसे शहर, पोस्तोयना. दुसरे आपल्या कोल्हापूरपासून पंधराएक किलोमीटरवरचे, जोतिबाच्या डोंगराजवळचे पोहाळे. दोन्हीकडे डोंगराच्या पोटात जागा आहे आणि दोन्हीकडे पाणी आहे. पण एकीकडे पाणी जे काम करते, त्याच्या नेमके उलटे दुसरीकडे करते. या एका गोष्टीत पुष्कळ इतिहास दडलेला आहे.

प्रथम पोस्तोयनाकडे जाऊ. आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या मधे स्लोव्हेनिया नावाचा लहानसा देश आहे. १९९१ पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. त्याची राजधानी ल्युब्लियाना. तिथून त्रिएस्ते बंदराकडे जाणारा लोहमार्ग १८५७ साली पुरा झाला. त्या मार्गावर राजधानीपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर पोस्तोयना लागते. या गावाला जर्मन लोक आडेल्सबेर्ग म्हणत आणि इटालियन लोक पोस्तुमिया. ज्याचे राज्य त्याचे नाव, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही! त्रिएस्तेचे नाव जुन्या मुंबईकरांना परके नव्हते. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर ऑस्ट्रियन लॉइड कंपनीची जहाजे तिथून मुंबईला येऊ लागली होती.

गावाशेजारीच गुहेचे तोंड आहे. आत शिरल्यावर प्रवासी पायी चालत नाहीत, छोट्या आगगाडीत बसतात. गुहेत रूळ घातले १८७२ साली, आणि सुरुवातीला ते डबे वाटाडेच हाताने ढकलीत. १८८४ साली आत विजेचे दिवे आले. गुहेची आजवर मोजलेली लांबी चोवीस किलोमीटरांहून अधिक आहे. त्यांतील पाचेक किलोमीटर प्रवाशाला दाखवतात, काही गाडीतून, काही पायी. बाहेर उन्हाळा असो की बर्फ पडो, आत हवा बारा महिने सारखीच गार, दहा अंशांच्या आसपास. छतातून पांढरे, तांबूस झुंबरासारखे दगड लोंबत असतात. खालून वर वाढलेले खांब त्यांना भेटायला निघालेले दिसतात. एक दालन तर एवढे मोठे आहे की तिथे गाण्याच्या मैफली होतात.

हे सगळे कोणी केले? पाण्याने. त्या प्रदेशाचा डोंगर चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून झिरपताना त्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होते. अगदी किंचित, जिभेला कळणारही नाही इतके. पण चुनखडीला तेवढे पुरते. भेगेभेगेतून उतरत ते पाणी दगड विरघळवत जाते, भेगेची फट होते, फटीचे भुयार होते. मग पिव्का नावाची तिथली नदीच जमिनीवरचा रस्ता सोडून गुहेत शिरते. पुढे ती दुसऱ्या ठिकाणी वर येते तेव्हा तिचे नाव उनित्सा. पुन्हा गडप होऊन पुन्हा वर येते तेव्हा ल्युब्लियानित्सा. आपल्या पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. आपली गुप्त नदी श्रद्धेची आहे. त्यांची गुप्त नदी आत जाऊन पाहता येते.

आता या पाण्याचे दुसरे काम बघा. चुना पोटात घेतलेला थेंब गुहेच्या छताशी येऊन लोंबतो. तिथे त्यातला वायू मोकळ्या हवेत निघून जातो आणि चुना मागे राहतो. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात पांढरा थर धरतो ना, तसेच काहीसे. एका थेंबाचा थर डोळ्यांना दिसत नाही. अशा थेंबांचे शंभर वर्षे काम चालले तर बोटाच्या पेराएवढासुद्धा दगड वाढतोच असे नाही. भूगोलाच्या पुस्तकात यांना लवणस्तंभ म्हणतात. सांगायचा मुद्दा असा, की चुनखडीच्या गुहेत पाणी आधी पोकळी करते आणि मग त्याच पोकळीची सजावट करते. घर बांधणारेही तेच आणि घर सजवणारेही तेच.

आता या गुहेचा माणसांशी संबंध कसा आला ते पाहू. तिचा पुढचा भाग लोकांना पूर्वापार माहीत होता. १६८९ साली वाल्वासोर या विद्वान सरदाराने आपल्या प्रांताचे मोठे वर्णन छापले, त्यात या गुहांची माहिती आहे. त्यानेच एक लोकसमजही नोंदवला आहे. मोठ्या पावसानंतर झऱ्यांतून कधी कधी फिकट गुलाबी, सरड्यासारखा, वीतभर लांबीचा एक प्राणी बाहेर येई. लोक म्हणत, ही पाताळातल्या ड्रॅगनची पिल्ले! वास्तविक तो गुहेतल्या पाण्यात जन्मभर अंधारात राहणारा आंधळा जलचर. त्याचे शास्त्रीय वर्णन १७६८ साली झाले. २०१६ साली पोस्तोयनाच्या काचेच्या टाकीत त्याच्या एका मादीने अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले निघाली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. आपल्याकडे कोणी कोरले हे कळेनासे झालेल्या लेण्यांना लोक ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलेली’ म्हणतात. मसाईच्या पठाराखाली पांडवदरा आहेच. जिथे उत्तर माहीत नसते तिथे माणूस कोल्हापूरचा असो की पोस्तोयनाचा, गोष्ट रचतो.

१८१८ साली ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस या गुहेला भेट देणार होता. त्यासाठी आत दिवे लावण्याचे काम चालू होते. त्या कामावर लुका चेच नावाचा एक स्थानिक माणूस होता. हा एका अवघड कड्यावरून चढून पलीकडच्या अंधारात गेला, आणि तिथे त्याला गुहेचा आजवर कोणी न पाहिलेला, कितीतरी मोठा भाग सापडला. पुढच्याच वर्षी, १८१९ साली, गुहा प्रवाशांना रीतसर खुली झाली. वाटाडे नेमले गेले, आणि एका खेड्याचे हळूहळू शहर झाले. पण शोधाचे श्रेय? ते बराच काळ जिल्ह्याच्या खजिनदाराकडे गेले. लुका चेचचे नाव पुढे यायला वेळ लागला.

१८१९ हे साल ऐकून काही श्रोत्यांच्या मनात दुसरीच आठवण आली असेल. त्याच साली, २८ एप्रिलला, जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत फिरत असताना अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याला वाट दाखवणारा एक गुराखी पोरगा होता, असे सांगतात. त्या पोराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. आसपासच्या लोकांना ती लेणी ठाऊक होतीच. ‘शोध’ लागला तो बाहेरच्या जगाला. युरोपातली गुहा आणि महाराष्ट्रातले लेणे, दोन्ही एकाच साली जगापुढे आली. पुढे मात्र दोघांचे नशीब वेगळे झाले, आणि त्याचे कारण दगडात आहे.

आपला सह्याद्री चुनखडीचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजले, आणि त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. पन्हाळ्यासारख्या माथ्यांवर त्याची झीज होऊन वर जांभा दगड तयार झाला आहे. आपल्या शेतात चुनखडीचे खडे सापडतात, त्यांचा चुनाही करीत असत. पण चुनखडीचे डोंगरच्या डोंगर इकडे नाहीत. किंचित आंबट पाणी काळ्या कातळाला चुनखडीसारखे विरघळवू शकत नाही. कपारी पडतात, लहान विवरे होतात, पण चोवीस किलोमीटरांची गुहा आपल्याकडे निसर्गाने द्यायचे कारणच नाही.

म्हणून ती माणसाने केली. हेच आपले वैशिष्ट्य. भारतातल्या कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य याच काळ्या कातळात, म्हणजे महाराष्ट्रात आहेत. पावसाळ्याचे चार महिने भिक्षूंना फिरता येत नसे, त्यांना एका जागी राहायला निवारा हवा होता. घाटांतून कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा होत्या, त्या वाटांवर व्यापारी तांडे होते, आणि व्यापाऱ्यांच्या हाती दान द्यायला पैसा होता. निवाऱ्याची गरज, वाट आणि पैसा या तिन्हींना सलग, टिकाऊ कातळाची जोड मिळाली आणि लेणी उभी राहिली. उभी राहिली म्हणण्यापेक्षा पोकळ झाली म्हणावे, कारण इथे बांधकाम वरून खाली चालते. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले आहे, त्यात ही पद्धत स्पष्ट दिसते. एक घाव चुकला तर दगड परत जोडता येत नाही.

आणि हे काम करणाऱ्यांची, त्यासाठी पैसा देणाऱ्यांची नावे राहिली आहेत, ही मोठी भाग्याची गोष्ट. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा लेख सांगतो की हे शैलगृह वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पुरे केले. तिथलाच दुसरा लेख सांगतो की दर्शनी दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. कोकणातील कुडे येथील एक लेणे करहाकडच्या, म्हणजे आपल्या कराडच्या, एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले. खांबाखांबावर देणगीदारांची नावे आहेत. त्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणारेही आहेत. यवन म्हणजे त्या काळी पश्चिमेकडून आलेले, ग्रीक जगाशी नाते असलेले लोक. युरोप पाहायला आपण जातो ही अलीकडची गोष्ट झाली. युरोपच्या दिशेने आलेल्या माणसांनी आपल्या लेण्यांत खांब दिले त्याला दोन हजार वर्षे होत आली.

कोल्हापूरही या जगाच्या बाहेर नव्हते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत सातवाहनकाळातील वस्ती निघाली. १९४५-४६ साली तिथे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरीला सापडलेल्या धातूच्या वस्तूंमध्ये ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी मूर्ती आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती पाहायला मिळते. समुद्रापासून इतक्या आत, घाटाच्या वर, समुद्राचा देव! तो घाटवाटांनीच आला असणार. त्याही आधी, १८७७ साली कोल्हापुरात एका स्तूपाच्या अवशेषांत दगडी पेटी मिळाली होती. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत एवढेच आहे, की हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान, धम्मगुप्ताने करविलेले. म्हणजे करवीरनगरीजवळ बौद्ध उपासक होते, कारागीर होते, दाते होते. पोहाळ्याच्या डोंगरातील लेणी याच जगातली. मोठे चौरस दालन, त्याच्या कडेने भिक्षूंच्या लहान लहान खोल्या, शेजारी स्तूपाची जागा. अजिंठ्यासारखी चित्रे इथे नाहीत, कार्ल्यासारखी भव्यता नाही. एखाद्या साध्या माणसाच्या नेटक्या घरासारखे ते लेणे आहे.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. लेणे कोरणाऱ्यांना पाण्याचे दोन्ही गुण माहीत होते. प्यायला पाणी हवे, म्हणून लेण्यांजवळ कातळात टाकी खोदली. लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि टाक्याचे दानही लेण्याच्या दानाइतकेच मानाचे आहे. पण छतावरून पाणी आत येता कामा नये, म्हणून वरच्या कातळात चर खोदून ते बाजूला काढून दिले. कान्हेरीला पाण्याची ही सारी व्यवस्था फार चांगली पाहायला मिळते. बेसॉल्टच्या लेण्यात शिरलेले पाणी काही घडवत नाही, ते मोडते. थरांमधला मऊ दगड भुसभुशीत करते, खांबाचा पाय खाते, भेगेत मुळे वाढवते, भिंतीवरचा गिलावा सोडवते. अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे शत्रू कोण? ओल, किडे, वटवाघळे आणि माणसे. चित्रे वाचवावीत म्हणून निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारी पापुद्री चिकटवली हे खरे, पण वर दिलेले रोगण पुढे पिवळे पडले आणि ते काढण्याचे काम नंतरच्या पिढ्यांना करावे लागले.

चर एकदा खोदला की काम संपत नाही. तो दरवर्षी पावसाळ्याआधी साफ करावा लागतो. टाक्यातला गाळ काढावा लागतो. म्हणजे लेण्यात कोणीतरी राहायला हवे, आणि राहणाऱ्याच्या पोटाची सोय हवी. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. नहपान क्षत्रपाचा हा जावई. याने लेणे दिले आणि तेवढ्यावर थांबला नाही. तीन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण व्याज. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रे आणि इतर खर्च मिळायचा. मूळ रक्कम कधी परत द्यायची नाही, फक्त व्याज भोगायचे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला कळले होते, की लेणे कोरणे हा एकदाचा खर्च आहे, लेणे नांदते ठेवणे हा कायमचा.

पुढे वाटा बदलल्या, व्यापार बदलला, भिक्षू गेले. ठेवी कुठल्या आणि श्रेणी कुठल्या! चर बुजले. आणि मग दर पावसाळ्याने थोडे थोडे आपले काम केले.

आता पोस्तोयनाला काही धोका नाही असे मात्र समजू नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने गुहेच्या तोंडाशी इंधनाचा साठा ठेवला होता. १९४४ साली प्रतिकारकांनी तो पेटवून दिला. त्या धुराने काळ्या झालेल्या भिंती आजही दिसतात. विजेच्या दिव्यांच्या उजेडात दगडांवर हिरवे शेवाळ धरते, आणि माणसांच्या गर्दीने आतली हवा बदलते. त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. तरीसुद्धा एक गोष्ट खरी. उद्या पोस्तोयनाचे सगळे लोक गाव सोडून गेले, गाडी बंद पडली, दिवे विझले, तरी थेंब पडत राहील आणि खांब वाढत राहील. पाच हजार वर्षांनी कोणी आत शिरला तर त्याला बहुधा आजच्यापेक्षा थोडी अधिक सुंदर गुहा दिसेल. पोहाळ्याला तसे नाही. पोहाळ्याला शंभर वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर शंभर वर्षांनी जाणाऱ्याला आजच्यापेक्षा कमी दिसेल. ते कमीच होत जाणार. लेण्याला स्वतःहून भरून येण्याची शक्ती नाही.

म्हणून ‘त्यांच्या गुहा मोठ्या की आपली लेणी मोठी’ हा वाद मला निरर्थक वाटतो. निसर्गाने दिलेल्या घराचा त्यांनी चांगला संसार केला, हे कबूल करावे. गुहेवर गाव जगते आणि गाव गुहेला जपते, असा तो व्यवहार दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. पण आपल्याकडची जबाबदारी त्यांच्याहून भारी आहे, कारण आपले घर निसर्गाने दिलेले नाही आणि निसर्ग ते सांभाळणारही नाही. ते ब्रह्म नावाच्या, सामी नावाच्या, भूतपाल नावाच्या माणसांनी दिले आहे. माणसाने दिलेले माणसानेच सांभाळावे लागते.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाला लाखो माणसे जातात. गुलाल उधळतात, सासनकाठ्या नाचवतात. पोहाळ्याकडे वळणारे त्यांतले थोडे. तुमच्यापैकी कोणी पुढच्या खेपेला वळलात, तर आत जाण्याआधी एकदा कातळाच्या वरच्या अंगाला नजर टाका. पावसाचे पाणी कुठून उतरते आणि कुठे जाते, ते बघा. वाट मोकळी आहे की पालापाचोळ्याने भरली आहे, ते बघा. आणि मुले बरोबर असतील तर त्यांना सांगा, की भिंतीवर खडूने नाव लिहून आपण अमर होत नाही. इथे ज्यांनी खरोखर काम केले, त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.